तेराव्या पानावरची शवपेटी

नेरिडा पोकॉकला भुताखेतांची पुस्तकं मुळीच आवडत नसत, आणि तीस वर्षं तिचं घर मात्र त्यांच्यावरच चाललं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या मुख्य रस्त्यावर तिचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दोन पुस्तकं द्यायची आणि एक न्यायचं, असा सरळ व्यवहार; जुन्या गिऱ्हाइकांनी नुसतं वाचून परत आणलं तरी चालायचं. पुढच्या फळ्यांवर प्रेमकथा, मधे घोडे नि बंदुका, आणि मागची अख्खी भिंत छतापर्यंत भयकथांची. दुसरं महायुद्ध संपल्यावर सिडनीत छापलेली, दोन पिनांनी टाचलेली, शंभर-शंभर पानांची पुस्तकं. लिहिणारे बहाद्दर आठवड्याला एक पाडायचे आणि चार-चार टोपणनावांनी खपवायचे. मुखपृष्ठावर काय, तर एक बाई किंचाळतेय आणि तिच्या मागून एक हिरवा हात येतोय. आत ती बाई असेलच असं नाही. हात तर बहुतेक वेळा नसेच.

त्या कागदाचा पिवळा भुगा नेरिडाच्या केसांत असायचा, नाकात असायचा, दुपारच्या सँडविचमध्येही असायचा. ती एकाहत्तर वर्षांची झाली होती, घोटे सुजायचे, आणि शिडीवर चढायचं म्हटलं की तिला शिडी लावणाऱ्याचाच राग यायचा. ती लावलेली असायची तिनेच.

पिरीतल्या वाचकांची एक जुनी रीत होती. पुस्तक वाचून झालं की तेराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपली खूण करायची. नावं सारखी, बाई तीच, हात तोच; त्यामुळे वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी नेण्याची फजिती सगळ्यांचीच एकदा तरी झालेली. डॉट फेअरवेदर ही निवृत्त नर्स, ती इंजेक्शन काढायची. मासे तळून विकणारा स्पीरो मासा काढायचा, आणि दरवेळी तो बटाट्यासारखा दिसायचा. क्लेम हॅरिगन शवपेटी काढायचा. सहा रेघा आणि वर एक फुली. खूण पेन्सिलीनेच करायची, शाई चालणार नाही, हा नेरिडाचा दंडक. तो तिने पुस्तकांच्या काळजीपोटी घातला होता. पुढे तो भलत्याच कामी आला.

दुसरी एक रीत त्या दुकानापुरतीच होती. पिनांची पुस्तकं जुनी झाली की आधी शेवटचं पान गळतं. म्हणजे नेमकं खुनी कोण, भूत खरं का खोटं, हेच हरवतं. अशी पुस्तकं नेरिडा टाकून देत नसे. वाचणाऱ्याने यायचं, गल्ल्यापाशी उभं राहायचं आणि विचारायचं, "मग पुढे काय झालं?" नेरिडाने शेवट सांगायचा. तिने ती पुस्तकं वाचलेलीच नसायची, त्यामुळे ती ठोकून द्यायची. माळीच खुनी होता, असं ती बऱ्याचदा सांगे. ज्या पुस्तकात बाग नाही त्यातसुद्धा.

"या गोष्टीत माळी कुठून आणलास, बये?" क्लेम विचारायचा.

"शेवटच्या पानावर आला. तुझ्याकडे ते पान नाही, मी काय करू?"

यावर क्लेम खोकला येईपर्यंत हसायचा.

क्लेम शिशाच्या भट्टीवर अडतीस वर्षं काम करून निवृत्त झाला होता. उंच माणूस, कानांत केस, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. सोमवारी आणि गुरुवारी तो दहाच्या ठोक्याला दुकानात यायचा आणि शनिवारी दुपारी दोनला मागच्या खोलीत. तिथे सहा खुर्च्या होत्या, भिंतीवर पडदा म्हणून पलंगपोस ताणलेला होता आणि सगळ्या जगाने टाकून दिलेले भीतिपट तिथे लागायचे. रबराचे राक्षस, डब्यातल्या लाल रंगाचं रक्त, तळघरात एकट्याच मेणबत्ती घेऊन जाणाऱ्या मुली. "जाऊ नकोस गं, मूर्ख!" असं सगळे एका सुरात ओरडायचे आणि ती जायची. क्लेमची खासियत अशी की पहिल्या पाच मिनिटांत तो कोण कोण मरणार हे क्रमाने सांगायचा. कधी चुकला नाही. डॉट त्याला म्हणायची, "तू नर्स व्हायला हवं होतंस. आमच्या वॉर्डात नातेवाइकांचा वेळ वाचला असता."

क्लेमची बायको व्हॅल गेली तेव्हा त्याची मुलगी जॅनीन त्याला न्यायला आली होती. ॲडलेडला तिच्या घरामागे एक स्वतंत्र खोली होती, खिडकीतून लिंबाचं झाड दिसायचं. क्लेमला जायचंही होतं आणि नव्हतंही. तेव्हा शनिवारच्या सगळ्या मंडळींसमोर त्याने जाहीर केलं, "नेरिडाची ही भिंत संपवतो. प्रत्येक पुस्तकात माझी शवपेटी पडली की मी तुझा. त्याआधी नाही." क्लेमने चारचौघांत शब्द दिला की तो मोडत नाही हे जॅनीनला ठाऊक होतं. तेव्हापासून ती महिन्यातून एकदा दुकानात फोन करायची आणि विचारायची, "नेरिडा, किती राहिली?"

नव्वद राहिली. साठ राहिली. मग दोन हिवाळ्यांपूर्वी सतरा राहिली.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी क्लेमने एक पुस्तक घरी नेलं आणि गुरुवारी परत आणलं. डोळे चमकत होते. "हे कुठे लपवून ठेवलं होतंस इतकी वर्षं? काय पुस्तक आहे!" नेरिडाने तेरावं पान उघडलं. कोपऱ्यात त्याची शवपेटी आधीच होती, जुनी, फिकट. ती न पाहताच त्याने शेजारी नवी काढली होती. क्लेमचं डोकं विसरायला लागलं होतं. तो गेल्यावर तिने खोडरबर घेतलं, दोन्ही खुणा पुसल्या आणि पुस्तक पुन्हा फळीवर ठेवलं. बिचाऱ्याला पुन्हा एकदा वाचता येईल, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी ती खरोखर दयाच होती.

पण मग तिने दुसरं पुस्तक पुसलं. तिसरं पुसलं. आणि एका रविवारी दुकान बंद असताना ती शिडीवर चढली आणि एका बैठकीत वीस शवपेट्या पुसल्या. ही दया नव्हती, हे तिला चांगलं कळत होतं. सोमवारी आणि गुरुवारी दहा वाजता तो दरवाजा उघडला नाही तर तिला दुकान उघडायला दुसरं कारण उरणार नव्हतं. तिला मूल नव्हतं, नवरा कधीच पर्थला पळाला होता. क्लेमवर तिचं प्रेम होतं का, असं कुणी विचारलं असतं तर तिने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

तेव्हापासून सतराची चाळीस झाली, चाळीसची पस्तीस, पस्तीसची पुन्हा पन्नास. क्लेम खुणा करत राहिला आणि ती पुसत राहिली. मनगट दुखायचं, फळ्यांवर रबराच्या वळ्या साचायच्या. फोनवर जॅनीनला आकडा सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज कापला होता. नंतर नंतर तो कापेनासा झाला.

या मार्चमध्ये डॉटने येऊन सांगितलं, "क्लेमच्या घरी गेले होते. किटली जळून काळी झालीये आणि हा बाहेर अंगणात पुस्तक घेऊन बसलाय. गॅस चालूच. मी म्हटलं, क्लेम, जळतंय काहीतरी. म्हणतो, हो, तिसऱ्या प्रकरणापासून जळतंय."

स्पीरो हसला. नेरिडाला हसू आलं नाही. मागच्या शनिवारच्या सिनेमात क्लेमने कोण मरणार ते सांगितलं होतं आणि सगळं चुकलं होतं. त्याने मारलेली माणसं शेवटी लग्न करून गेली. डॉटने त्याच्या चहात गुपचूप जास्तीची साखर घातली.

त्याच आठवड्यात जॅनीनचा फोन आला. "नेरिडा, किती राहिली हो? डॉटने किटलीचं सांगितलं. मला झोप लागत नाहीये. टिली रोज विचारते, आजोबा कधी येणार."

"बेचाळीस," नेरिडा म्हणाली.

जॅनीनने पलीकडे हिशोब मांडला. "मागच्या महिन्यात एकोणचाळीस होती ना?"

"नवीन आली थोडी," नेरिडा म्हणाली. फोन ठेवला आणि ती स्टुलावर बसून राहिली. आपण किती थकलोय हे तिला त्या दिवशी नीट कळलं. घोटे नव्हे, शिडी नव्हे. ती खोटं बोलून थकली होती.

गुरुवारी क्लेम चार पुस्तकं परत घेऊन आला. सोमवारीच नेलेली. त्यांत 'खारपाटातली नवरी' होतं. नेरिडाने सवयीने तेरावं पान पाहिलं. ताजी शवपेटी. मग तिने शेवट पाहिला. शेवटची दोन पानं नव्हती. ती मागच्या वर्षीच गळून तिने टोपलीत टाकली होती.

क्लेम पुढची चार काढायला मागच्या भिंतीकडे निघाला होता.

"क्लेम," ती म्हणाली, "तू काही विचारलं नाहीस."

"काय विचारायचं?"

"पुढे काय झालं ते. नवरी खारपाटात उतरते आणि पुस्तक संपतं. शेवट नाहीये याला."

क्लेम थांबला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. तीस वर्षांत या माणसाने शेवट ऐकल्याशिवाय पुस्तक सोडलं नव्हतं. एकदा तो तापात फणफणत आला होता, माळी आला का नाही हे ऐकायला.

"विसरला असशील," नेरिडा म्हणाली. तिने त्याला वाट करून दिली होती, पण त्याने ती घेतली नाही.

"विसरलो नाही. वाचलंच नाही." तो ग्राहकांच्या खुर्चीवर बसला. "एकही वाचत नाहीये मी, नेरिडा. नाताळापासून. घरी नेतो, शवपेटी काढतो, परत आणतो. वाचायला घेतलं की पान उलटेपर्यंत आधीचं पान जातं. मग कशाला?"

"मग नेतोस कशाला?"

"संपवायची आहेत ना." त्याने शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. चुरगळलेली, घामाने मऊ झालेली. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: *सगळी संपव. जॅनीनकडे जायचं. नेरिडाला आधी सांगू नको.* "मला जायचंय गं. घर मोठं झालंय मला. रात्री व्हॅलला हाका मारतो आणि मग आठवतं. पण तुला तोंडावर सांगायला जमेना. म्हटलं, पुस्तकं संपली की आपोआप होईल, तुला वाटायचं नाही की मी टाकून गेलो. पण ही भिंत संपतच नाही! मी आठवड्याला आठ-आठ करतो. वहीत मांडून ठेवतो. आणि इथे आलो की पुन्हा चाळीस. मी डॉक्टरकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, मी खुणा करतो आणि त्या नाहीशा होतात. त्याने गोळी वाढवली."

नेरिडाने गल्ल्याची कड घट्ट धरली. आता गप्प राहणं तिला शक्य होतं. तिला तसं करता आलं असतं, आणि तिने तसं करावं असं तिच्या अर्ध्या मनाला वाटतही होतं.

"तुझं डोकं नाही, क्लेम. मी आहे. मी पुसते."

"काय पुसतेस?"

"शवपेट्या. दोन वर्षं झाली. दोन हिवाळ्यांपूर्वी तुझी सतरा राहिली होती. तू केव्हाच संपवली असतीस."

क्लेमला समजायला वेळ लागला. तो काय बोलणार याची ती वाट पाहत होती. शिव्या देईल, हसेल, म्हणेल, चल बये, म्हणजे माळी तूच. त्याच्या गालांवरचा रंग आधी गेला आणि मग एकदम आला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "टिली तेव्हा सहाची होती. मला तिला सायकल शिकवायची होती. तेव्हा मला जमलं असतं. तिला मी कोण ते कळलं असतं, मला ती कोण ते लक्षात राहिलं असतं. आता मी जाणार आणि रोज सकाळी विचारणार, ही मुलगी कोण?" त्याचा आवाज चढला. "मला वाटलं मी वेडा झालो! अंधार करून बसायचो, नेरिडा. तू इथे बसून मला चहा द्यायचीस. बिस्किटं द्यायचीस!"

"मला तू हवा होतास," नेरिडा म्हणाली. इतकी वर्षं जे बोलायचं नव्हतं ते असं, सगळ्यांत वाईट वेळी तोंडातून गेलं.

"मग तसं म्हणायचंस," क्लेम म्हणाला. तो उठला. एकही पुस्तक न घेता बाहेर पडला.

नेरिडाने दुकान बंद केलं नाही. एक बाई प्रेमकथा बदलून घेऊन गेली, नेरिडाने तिला हवापाण्याचंही विचारलं. मग तिने फोन उचलला. "जॅनीन, संपली. सगळी. ये शनिवारी."

पलीकडून जॅनीन रडली. आनंदाने रडली, आणि ते ऐकणं नेरिडाला फार जड गेलं. का संपली, कशी संपली, हे तिने फोनवर सांगितलं नाही. तोंडावर सांगू, असं तिने स्वतःला समजावलं.

शनिवारी दीड वाजता दुकानाचा दरवाजा उघडला आणि क्लेम आत आला. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. स्वच्छ दाढी केलेली, हातात खोबऱ्यात घोळवलेल्या केकची पिशवी. "काय लावणार आज? रबराचा असला तर मी पुढे बसतो. आणि बये, नंतर मला चार काढून दे. बेचाळीस राहिलीत. यंदा संपवतोच बघ."

नेरिडा त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. गुरुवार पुसला गेला होता. तिला सुटल्यासारखं वाटलं, हे तिने पुढे स्वतःपाशी अनेकदा कबूल केलं. छातीवरचं ओझं खरोखर उतरलं. तिने केक बशीत मांडले, आणि क्लेमने पहिला स्वतःच खाल्ला.

दोनला पाच कमी असताना जॅनीन आली. तिच्यामागे आठ वर्षांची टिली, हातात आजोबांसाठी काढलेलं चित्र. क्लेमने हात पसरले आणि तो त्या मुलीला म्हणाला, "ये गं, जॅनीन, ये. केवढी वाढलीस!"

टिलीने आईकडे पाहिलं. जॅनीनने पटकन हसून तिला पुढे ढकललं आणि ती स्वतः गल्ल्यापाशी आली. तिने नेरिडाचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचे उपकार कसे फेडू, नेरिडा? इतकी वर्षं सांभाळलंत त्यांना. सगळी पुस्तकं संपवून घेतलीत. तुम्ही नसता तर बाबांचं काय झालं असतं, देव जाणे."

मागच्या खोलीत डॉट आणि स्पीरो खुर्च्या ओढत होते. क्लेम टिलीचं चित्र उलटं धरून त्याचं कौतुक करत होता. नेरिडाला आता काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं हसायचं होतं, 'त्यात काय एवढं' म्हणायचं होतं, आणि अर्ध्या तासात गाडी निघून गेली असती. गोष्ट कुणालाच माहीत राहिली नसती. आणि क्लेम ॲडलेडला त्या लिंबाच्या झाडाखाली बसून, मरेपर्यंत, आपल्याला खुणा नाहीशा होताना दिसायच्या असं डॉक्टरांना सांगत राहिला असता.

"क्लेम," ती म्हणाली, "इकडे ये. बस. तुला मी एक गोष्ट सांगितली होती, ती पुन्हा सांगायचीय."

"शेवटाची? माळी?"

"माळी नाही. मी." मग ती जॅनीनकडे वळली. "तूही ऐक. तो विसरणार आहे. तू विसरू नकोस. त्याचं डोकं बिघडलंय त्याहून जास्त बिघडलंय असं त्याला माझ्यामुळे वाटलं. तो घाबरला की त्याला सांग, खुणा खऱ्या होत्या."

आणि तिने पहिल्या शवपेटीपासून सगळं सांगितलं. सतरा पुस्तकं, शिडी, रविवार, फोनवरचे आकडे. क्लेमच्या गालांवरचा रंग पुन्हा आधी गेला आणि मग आला, गुरुवारसारखाच, आणि या वेळीही त्याने टिलीच्या सायकलचंच नाव काढलं. नेरिडा थांबली नाही. सांगता सांगता तिला जाणवलं की जॅनीनने तिचा हात सोडला होता.